जनावर शिकतं कसं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको इकडून विचारणा येते ती कुत्र्या-मांजरांची. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून गाई-बैलांची. प्रश्न वेगळे वाटतात, पण खोदत गेलं की बहुतेकांच्या तळाशी एकच गोष्ट निघते: तुमच्या मनात काय होतं याच्याशी जनावराला देणंघेणं नसतं, त्याच्या कृतीनंतर लगेच काय घडलं एवढंच ते शिकतं. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

अभिसंधान म्हणजे नेमकं काय? पुस्तकी भाषेत नको.

जनावर दोन हिशेब ठेवतं. पहिला, कशानंतर काय येतं. पट्ट्याची कडी वाजली की फिरायला जायचं, बाबांनी हेल्मेट उचललं की घर रिकामं होणार. इथं जनावराला काही करावं लागत नाही, आवाज कानावर पडला की अंग आपोआप तयार होतं. हे अभिजात अभिसंधान. दुसरा हिशेब, मी काय केलं की काय मिळतं. दारावर पंजा मारला की दार उघडतं, जेवताना आजोबांच्या पाटाशेजारी बसलं की पोळीचा तुकडा पडतो. हे साधक अभिसंधान. अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलेल्यांना हे शब्द आठवतील.

पुस्तकात हे दोन धडे सुटे असले तरी घरात ते एकमेकांत मिसळलेले असतात. कडी वाजल्यावर कुत्र्याला होणारा आनंद पहिल्या हिशेबातला, आणि पट्टा लवकर अडकवला जावा म्हणून ते शहाण्यासारखं खाली बसतं, तो दुसऱ्या.

पावलॉवनं खरंच घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटवलं होतं का?

घंटेची गोष्ट जास्त गाजली. प्रत्यक्षात त्याच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवे अशी बरीच साधनं होती. मुळात इव्हान पावलॉव पचनसंस्थेचा अभ्यासक, 1904 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. कुत्र्याच्या गालातून नळी काढून तो लाळेचे थेंब मोजत असे, आणि अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ गळू लागते हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणी ती प्रयोगातली कटकट म्हणून सोडून दिली असती. त्यानं उरलेलं आयुष्य तिच्यामागे लावलं.

तुमच्या कामाची बाब यातली एकच: क्रम. आधी खूण, मग अन्न. उलटं केलं, म्हणजे आधी खाऊ दिला आणि मग आवाज काढला, तर जनावर जवळजवळ काहीच शिकत नाही. घरोघरी हीच गल्लत होते.

बादली वाजली की आमची गाय पान्हा सोडते, पण नवा गडी बसला की दूध चोरते. खोड म्हणायची का?

नाही. गाय ठरवून दूध चोरत नाही. वासरू ढुशा देऊ लागलं किंवा कासेला ओळखीचा हात लागला की मेंदूकडून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं. त्यानं कासेतल्या बारीक कोषांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि दूध खाली येतं. ही उपजत व्यवस्था. आता रोज त्या ढुशांच्या आधी बादलीचा खडखडाट होतो, आंबोणाची पाटी पुढ्यात येते, ठरावीक माणूस ठरावीक बाजूनं येऊन बसतो. काही दिवसांनी या खुणांवरच पान्हा फुटतो. संकरित गाई वासराशिवाय, यंत्रावरही दूध देतात ते याच जोरावर. गावठी गाई आणि म्हशी यात जरा हट्टी, त्यांना वासरू-पारडू समोर लागतं.

नवा गडी आला की खुणांची साखळी तुटते. त्यात त्यानं एक शिवी हासडली किंवा पाठीत दांडकं घातलं, तर भीतीनं अॅड्रिनलिन चढतं आणि ते ऑक्सिटोसिनला आडवं येतं. दूध कासेत असूनही खाली उतरत नाही. गडी म्हणतो गाय मारकी आहे, मालक म्हणतो गडी कामाचा नाही, आणि मधल्या मध्ये डेअरीचं माप कमी भरतं.

उपाय साधा आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी धारेला बसवू नका. काही दिवस त्याला जुन्या माणसाबरोबर गोठ्यात उभं करा, आंबोण त्याच्या हातून जाऊ द्या, बादली तीच ठेवा, बसायची बाजू तीच. पान्ह्याचं इंजेक्शन हा उपाय नव्हे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय करणारं इंजेक्शन टोचणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे.

घरात हाक मारली की कुत्रं धावत येतं, गोल्फ क्लबच्या मैदानावर मात्र ढुंकून बघत नाही. असं का?

मैदानावर तुम्ही “ये” केव्हा म्हणता ते आठवा. खेळ ऐन रंगात असतो, चार दोस्त जमलेले असतात, आणि तुमची ऑफिसची वेळ झालेली असते. ते येतं, तुम्ही पट्टा अडकवता, घरी. कुत्र्याच्या हिशेबी “ये” म्हणजे “मजा संपली”. तीन-चार वेळा हाक मारून शेवटी ते आलं आणि तुम्ही वैतागून एक चापट दिली, तर आणखीच वाट लागली: चापट न येण्याबद्दल होती, पण पडली ती येण्यानंतर.

सुधारायचं तर मैदानावर एका फेरीत अनेकदा बोलवा, आलं की काहीतरी चविष्ट द्या आणि “जा” म्हणून परत खेळायला सोडा. दर वेळी पट्टा अडकत नाही हे कळलं की पाय वळू लागतात. “ये” हा शब्द पारच नासला असेल तर तो टाका आणि नवा घ्या, शिट्टी चालेल. आंघोळ, नखं कापणं, गोळी देणं यासाठी हाक मारू नका, स्वतः उठून त्याच्याकडे जा.

सारखा खाऊ देणं म्हणजे लाच नाही का? आणि किती दिवस द्यायचा?

लाच काम व्हायच्या आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. खाऊचा हात आधी पुढे करून “बस, बस” म्हणत राहिलात तर कुत्रं हात बघायला शिकतं, हात रिकामा दिसला की ऐकत नाही. म्हणून खाऊ खिशात. आधी कृती, मग हात खिशाकडे.

नवीन गोष्ट शिकवताना दर वेळी द्या. जमू लागलं की कधी द्या, कधी नुसतं “शाब्बास”. असं अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय फार घट्ट करतं, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर आणि उंदरांवर पुन्हापुन्हा दाखवलं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे. उकडलेलं चिकन, पनीर, चपाती, जे आवडेल ते. मात्र नाशिककरांनो, घरात सहज सापडणाऱ्या दोन गोष्टी बिलकूल नकोत: द्राक्षं आणि कांदा. द्राक्ष-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षाच्या मळ्यात राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

क्लिकर (बोटानं दाबला की “टक्” वाजणारी छोटी डबी) घ्यावा का?

घेतलात तर बरं, नाही घेतलात तरी काही अडत नाही. कुत्रं खाली बसलं आणि तुम्ही खिसा चाचपून तुकडा काढेपर्यंत ते उठून उभं राहिलं, तर बक्षीस उभं राहण्याला मिळालं. ही मधली फट भरण्यासाठी “टक्” असा आवाज बसण्याच्या क्षणी करायचा आणि मागाहून खाऊ द्यायचा. आधी दहा-वीस वेळा नुसतं टक्-खाऊ, टक्-खाऊ केलं की आवाजाला अर्थ येतो. स्किनरच्या हाताखाली शिकलेले केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं 1940 च्या दशकातच हे वापरत होतं. जिभेनं काढलेला “टॉक्” तितकाच उपयोगी, आणि तो घरी विसरत नाही.

गणपतीत ढोल सुरू झाला की कुत्रं पलंगाखाली जाऊन थरथरतं. काही करता येईल?

येईल, पण गणपतीच्या आठवड्यात नाही. नाशिक ढोलाचा दणका छातीत बसतो, माणसालाही, मग ज्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट त्याचं काय होत असेल. पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो. तुम्ही त्याच्याही आधी सुरू करा, उन्हाळ्यात.

मोबाईलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावा, आवाज इतका बारीक की कुत्र्याचे कान टवकारतील पण ते खाणं सोडणार नाही. आवाज सुरू झाला की एका सेकंदात चिकनचा तुकडा, मग आणखी एक, आणखी एक. आवाज बंद, चिकन बंद. पाच मिनिटांत आटपा. क्रम पुन्हा बघा: आधी ढोल, मग चिकन. हे बरंच चाललं की एक दिवस ढोल वाजताच कुत्रं घाबरण्याऐवजी तुमच्या हाताकडे बघेल. तेव्हाच आवाज एक घर वाढवा, त्याआधी नाही. खाऊ नाकारला, जीभ बाहेर काढून धापू लागलं, शेपूट पोटाखाली गेली, तर तुम्ही घाई केलीत, आवाज कमी करा. मोबाईलनं ढोलाचा खर्ज येत नाही, म्हणून पुढे सराव चालू असलेल्या मैदानापासून दोन-तीन गल्ल्या लांब उभं राहूनही हेच करा.

विसर्जनाच्या दिवशी शिकवणी बंद. मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते, त्या मार्गावर घर असेल तर कुत्र्याला दिवसभरासाठी लांबच्या नातेवाइकांकडे पाठवा. नाहीच जमलं तर आतली खोली, खिडक्या बंद, कूलर चालू. फारच भित्रं असेल तर पशुवैद्याला आधीच विचारा, त्यासाठी औषधं आहेत. दिवाळीच्या फटाक्यांनाही हाच मार्ग.

आणि हो, “जवळ घेतलं तर भीती वाढते” हे खोटं. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली कृती नव्हे. घाबरलेलं कुत्रं तुमच्याकडे आलं तर खुशाल जवळ घ्या.

कुरिअरवाला आला की भुंकून घर डोक्यावर घेतं. दुर्लक्ष केलं तर अजूनच वाढलं!

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुरिअरवाल्यावर भुंकण्याचं बक्षीस तुम्ही देत नाही, कुरिअरवाला देतो. तो पार्सल देऊन जाणारच असतो, पण कुत्र्याच्या लेखी ते भुंकलं म्हणून तो पळाला. स्किनरनं 1948 साली 8 कबुतरांना, ती काहीही करत असली तरी ठरावीक वेळानं दाणे दिले. त्यातली 6 कबुतरं दाणे पडताना योगायोगानं जे करत होती तेच करत बसली. कुणी गिरक्या घेऊ लागलं, कुणी मान उडवू लागलं. आपल्यामुळेच दाणे पडतात अशी जणू त्यांची खात्री. इथं तुमच्या दुर्लक्षाचा काही उपयोग नाही. बेल वाजली की आतल्या खोलीतल्या चटईवर जायचं आणि तिथं खाऊ मिळतो, अशी दुसरी सवय लावावी लागेल.

तुमचं लक्ष वेधण्यासाठी भुंकत असेल तर दुर्लक्ष कामाचं, पण बक्षीस थांबलं की कृती आधी उसळी मारते, मग विझते. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण ते चारदा, जोरात दाबतो, तसंच. या उसळीच्या वेळी “जाऊ दे बाबा” म्हणून तुम्ही वळलात, तर जास्त जोरात भुंकलं की मिळतं हे शिकवलंत. शेवटपर्यंत निभावता येणार नसेल तर दुर्लक्षाचा घाट घालूच नका. घरातल्या पाच माणसांपैकी एकानं जरी लक्ष दिलं, तरी बाकी चौघांची मेहनत पाण्यात.

मार दिल्याशिवाय, धाक असल्याशिवाय जनावर ऐकतं का?

ऐकतं. माराचा अजिबात परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही, होतो. पण तो कशाला जोडला जाईल हे तुमच्या हातात नसतं. दुपारी चप्पल फाडली, संध्याकाळी मार बसला, तर कुत्र्यानं जोडलं ते संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाशी. मग “बघा, अपराधी तोंड केलं” म्हणतात ते तुमचा आवाज ओळखून केलेलं केविलवाणं तोंड असतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या शॉकच्या पट्ट्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की झटका, असं झालं तर दुसरी कुत्री म्हणजे वेदना, एवढंच शिक्षण होतं आणि चावरेपणा वाढतो. 1967 मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग केले. सुटका नसलेले झटके सोसलेली बरीच कुत्री, नंतर पळायची वाट मोकळी असूनही जागेवर पडून राहिली. काही घरांत “आता किती शांत झालंय” म्हणून कौतुकानं दाखवलेलं कुत्रं मला याच अवस्थेतलं वाटतं.

मग खोंडाला औताला लावताना वेसण, कासरा, चाबूक... तेही चूकच?

वेसणीच्या ताणानं बैल वळतो, पण शिकतो तो कासरा ढिला पडण्याच्या क्षणी. त्रास थांबणं हे त्याचं बक्षीस. याला ऋण प्रबलन म्हणतात आणि ती शिक्षा नव्हे. जाणता शेतकरी खोंडाला शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो, आधी रिकामं जू, मग ओझं, आणि खोंडानं मान वळवायला सुरुवात करताच कासरा सैल सोडतो. काही दिवसांत नुसत्या तोंडच्या आवाजावर जोडी वळते. ताण सोडायलाच विसरणारा माणूस मात्र खोंडाच्या नाकाला जखम करतो आणि खोंड बोथट होतो. दोघांच्या हातात दोर एकच असतो, बघायचं ते सोडणारं बोट.

नंदीबैलाला प्रश्न खरंच कळतो का?

कपालेश्वरासमोर नंदी नाही म्हणून प्रसिद्ध असलेल्या शहरातून हा प्रश्न यावा याची गंमत वाटते. नंदीवाला विचारतो, “औंदा पाऊस पडंल का?” आणि नंदी मान डोलावतो. कळते ती खूण: गुबुगुबु वाजण्यातला बदल, दोरीची किंचित हालचाल, मालकाची उभं राहण्याची ढब.

जर्मनीत असाच एक घोडा गाजला होता, हान्स. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन त्याला गणितं घाली, घोडा खूर आपटून उत्तर देई. 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत हलायचं, घोडा तेवढंच बघून थांबायचा. मालक लबाड नव्हता, त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. माझ्या मते गणित येण्यापेक्षा हे कौशल्य भारी. तुमचं कुत्रंही तुमच्या शब्दापेक्षा खांदा आणि हात जास्त वाचतं. पाठ करून उभं राहा आणि “बस” म्हणा, मग बघा.

वणीच्या गडावर माकडांनी पिशवी हिसकावली. त्यांना कुणी शिकवलं?

आपणच. पिशवी ओढली की प्रसाद सांडतो. दर वेळी नाही, कधीकधी. आणि कधीकधी मिळणारं सगळ्यात चिवट. शिवाय घाबरून पिशवी टाकणारा प्रत्येक भाविक एक धडा देऊन जातो. खाऊ घालू नका आणि पिशवी उघड्यावर मिरवू नका. मदाऱ्याच्या माकडाबद्दलही विचारलं जातं: माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला कायद्यानं बंदी आहे.

सिंहस्थात श्वानपथकं दिसतील. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला धोका कळतो का?

नाही. त्याच्यासाठी तो चेंडूचा खेळ. विशिष्ट वास सापडला आणि तिथं शांत बसलं की चेंडू मिळतो, इतकंच. शांत बसायला शिकवतात, कारण स्फोटकाला पंजा लावून चालत नाही. काम करणाऱ्या कुत्र्याला हात लावू नका, बिस्किट तर नकोच.

मांजर शिकतं का? आणि म्हातारं कुत्रं?

दोन्ही शिकतात. या शास्त्राची सुरुवातच मांजरांपासून झाली म्हणा ना: 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकनं मांजरांना कडी-दोरीच्या पेटीत ठेवलं, आणि दर वेळी ती आधीपेक्षा लवकर सुटू लागली. मांजराचा धडा दोन मिनिटांचा ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्याचे आधी कान-डोळे तपासून घ्या, बरीच “आडमुठी” कुत्री बहिरी निघतात.

कोणत्याही जनावराला काहीही शिकवता येतं का?

नाही, आणि हे ब्रेलंड जोडप्यानंच 1961 मध्ये मोकळेपणानं लिहिलं. डुकराला लाकडी नाणं गल्ल्यात टाकायला शिकवलं. काही आठवडे छान चाललं, मग डुक्कर नाणं वाटेतच खाली टाकून नाकानं उकरू लागलं, उपाशी राहूनही. अन्नाशी जोडलेल्या वस्तूला डुक्कर शेवटी अन्नासारखंच वागवतं. कोंबडी उकरणार, शिकारी जातीचं कुत्रं वासामागे जाणार. तासन्‌तास वास हुंगणाऱ्या बीगलला “लक्षच देत नाही” म्हणण्यात अर्थ नाही. चार पावलं नीट चालल्याचं बक्षीस म्हणून त्याला हुंगू द्या.

शेतातले उंदीर एकदा औषध चाखून दगावले नाहीत तर पुन्हा शिवत नाहीत. तेही अभिसंधानच?

हो, आणि सगळ्या नियमांना अपवाद असलेलं. एरवी कृती आणि परिणाम यांत काही सेकंदांचं अंतर पडलं तरी धडा पुसट होतो. पण खाल्लेल्या चवीनंतर काही तासांनी मळमळलं, तरी उंदीर त्या चवीला एकाच अनुभवात धरतो. जॉन गार्सिया यांनी 1966 मध्ये दाखवलं की पोट बिघडलं तर उंदीर दोष चवीला देतो, दिव्याला किंवा आवाजाला नाही. झटका बसला तर उलट.

म्हणूनच झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा तेल लावून बिळांजवळ ठेवायला सांगतात. चवीची भीड मोडली की उंदीर पोटभर खातात. नाहीतर कुरतडून आजारी पडतात, वाचतात आणि पुन्हा तोंड लावत नाहीत. आमिष हातमोजे घालून बिळाच्या आत ठेवा, बीळ बुजवा, उरलेलं आणि मेलेले उंदीर खोल पुरा आणि काम उरकेपर्यंत मळ्यातलं कुत्रं बांधून ठेवा.